बाहुली बघताना मोठ्यांचे डोळे का भरून येतात?

तुम्ही विचारलंय की बाहुल्यांचा खेळ मुळात मुलांचा, मग तो बघताना मोठी माणसं का रडतात. मी नागपुरात शाळांमधून हातमोज्याच्या बाहुल्यांचे खेळ करते, त्यातून मला कळलं ते सांगते.

बाहुलीचा चेहरा बदलत नाही. तिचं हसू-रडू बघणाऱ्याला आपल्याच मनातून भरावं लागतं, आणि स्वतः भरलेलं दुःख परकं राहत नाही. पण त्याआधी ती जिवंत वाटायला हवी. नुसते हात हलवून ते होत नाही. मनगट किंचित वर, किंचित खाली, एवढा श्वास तिला दिला की खोली गप्प होते. जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात एकेका बाहुलीमागे तिघं असतात. एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. तिघंही प्रेक्षकांना दिसतात, तरी थोड्याच वेळात आपण त्यांना विसरतो.

आणि फक्त मुलांसाठी कसं म्हणायचं? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांतून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आलेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या नागपूरची मारबत तर बघाच. ती बाहुली नव्हे, पुतळा. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, तेव्हा त्या देहावर लोक आपली दुखणी, राग, सगळं टाकतात. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडताना म्हातारी माणसंही भान विसरतात. मला हा बाहुलीच्याच घराण्यातला प्रकार वाटतो.

माझ्या लेखी मात्र सगळ्यात मोठा उपयोग वेगळा आहे. एका शाळेत दुसरीतला एक मुलगा कुणाशीच बोलायचा नाही. खेळ संपल्यावर तो जवळ आला आणि माझ्याकडे न बघता बाहुलीला म्हणाला, “माझी आजी वारली.” मी काही बोलले नाही. बाहुलीनं मान खाली घातली, एक श्वास घेतला. मग तो बराच वेळ बोलत राहिला, तिच्याशीच. बाहुली रागावत नाही, चहाडी करत नाही, हे मुलांना बरोबर कळतं.

घरी करून बघायचं असेल तर रुमालाला सैल गाठ मारा आणि गाठीत तर्जनी घाला. बोलू नका. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं तिला दाराकडे बघायला लावा, आणि हळूहळू श्वास द्या.