वाचक विचारतात : नाताळचा तारा, गोठा आणि डिसेंबरचं दंव

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले नाताळच्या आराशीचे आणि डिसेंबर महिन्याचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरं किनाऱ्यावरच्या घरांसाठी आहेत. इथे रात्री दंव पडतं, वाऱ्यात मीठ असतं. त्यामुळे पुण्या-नाशकात चालणारी युक्ती इथे दोन दिवसांत फसू शकते.

दिवाळीचा कंदील आम्ही घरीच करतो. पण नाताळचा पाच टोकांचा फुगीर तारा दर वेळी वाकडा होतो, एक टोक लांब राहतं. माप काय धरावं? (वेंगुर्ले)

कामट्या अंदाजाने एकमेकींवर ठेवून बांधल्या की असं होतं. आधी खुणा करा, मगच दोरा हातात घ्या.

बांबूच्या १० कामट्या लागतात. प्रत्येक ६२ सेंमी लांब, १ सेंमी रुंद आणि सुमारे ३ मिमी जाड. जाडीकडे नीट लक्ष द्या. एक कामटी जाड आणि शेजारची पातळ असेल तर पातळ तेवढी वाकते, आणि मग कितीही मापं घेतली तरी तारा एका अंगाला झुकतो. चाकूने तासून सगळ्या सारख्या करा. प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांना १ सेंमी सोडून खूण करा, म्हणजे मध्ये बरोबर ६० सेंमी उरतील. आता एका टोकाच्या खुणेपासून २३ सेंमीवर आणि ३७ सेंमीवर आणखी दोन खुणा करा. पाच रेघांचा तारा काढला की त्या रेघा एकमेकींना याच ठिकाणी छेदतात.

पाच कामट्यांचा एक तारा जमिनीवर मांडा. एक कामटी शेजारणीवरून, पुढचीच्या खालून अशी विणत न्या. पाचही टोकं खुणेवर बांधा. मग आतल्या पाच छेदांवर खुणेवर खूण येते का पाहा. येत नसेल तर टोकाची गाठ सैल करून सरकवा, छेदावर जोर लावू नका. तसाच दुसरा तारा करा. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र घट्ट बांधा, आतले छेद मोकळे राहू द्या.

फुगवटा येतो तो १२ सेंमी लांबीच्या ५ काड्यांमुळे. पुढच्या ताऱ्याचा छेद आणि त्याच्या मागचा छेद यांच्या मध्ये एकेक काडी उभी बसवायची. एका बाजूने ओळीने घट्ट बांधत गेलात तर सांगाडा पिळला जातो. म्हणून आधी पाचही काड्या सैल अडकवा आणि मग एक सोडून एक बांधत जा. काडी १५ सेंमीच्या वर नेऊ नका, कामटी छेदाशीच चिरते.

कागद चिकटवताना पुढे पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागे पाच त्रिकोण, आणि टोकांच्या बाजूंना १० निरुंद त्रिकोण लागतील. कापताना चहूकडून १ सेंमी जास्त ठेवा, ती कड कामटीवर दुमडायची असते. मागचा पंचकोन उघडाच राहू द्या. बल्ब तिथून आत जातो आणि उष्णता तिथून बाहेर पडते. बल्ब ५ वॅटचा एलईडी पुरे. जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब कागदाला टेकला तर कागद करपतो, म्हणून तो वापरूच नका.

खळ करायची तर २ चमचे मैदा १ वाटी थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळा. झुरळं खळ खातात म्हणून काही जण त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असतं. घरात लहान मुलं असतील तर साधा फेविकॉल बरा.

पतंगी कागद दिसायला सर्वांत सुंदर, पण पहाटेच्या दंवाने तो सैल पडतो आणि दुसऱ्या रात्री फाटतो. त्याचा तारा पडवीत, पागोळीच्या आतच लावा. माडाला किंवा अंगणातल्या आंब्याला टांगायचा असेल तर जिलेटीन कागद घ्या आणि खाली येणाऱ्या दोन टोकांना सुईने भोक पाडा. आत साचलेलं पाणी तिथून निघून जातं.

झाड म्हणून सुरूची फांदी आणतो, दोन-तीन दिवसांत ती माना टाकते आणि खाली सगळा चुरा पडतो. उपाय? (मुरुड)

सुरूच्या ज्या हिरव्या काड्यांना आपण पानं समजतो त्या खरं तर सांध्यासांध्यांच्या बारीक डहाळ्या आहेत. पानं म्हणजे प्रत्येक सांध्यावरचं ६ ते ८ चिमुकल्या खवल्यांचं कडं. फांदी सुकली की या डहाळ्या सांध्यावर निखळतात, तोच तुमचा चुरा.

फांदी २२-२३ डिसेंबरच्या आत तोडू नका. बुंध्याला तिरका काप देऊन लगेच पाण्यात ठेवा. १५ लिटरची बादली दोनतृतीयांश वाळूने भरा, वाळू पूर्ण भिजेल इतकं पाणी घाला, फांदी तळापर्यंत रोवा आणि वर तीन-चार जांभे दगड रचा. रोज सकाळी तांब्याभर पाणी. पंख्याच्या झोतात ठेवू नका. सावंतवाडीची लाकडी फळं टांगायची असतील तर ती खोडाजवळच्या जाड फांदीवर टांगा, शेंड्याला कागदी आणि कापसाच्या हलक्या वस्तूच लावा. सुकलेला सुरू भडकन पेट घेतो, म्हणून मेणबत्ती त्याच्या जवळपासही नको.

एक विनंती. किनाऱ्यावरचं सुरूचं बन वारा आणि वाळू अडवण्यासाठी लावलेलं असतं. तिथली फांदी वनखात्याला किंवा ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय तोडू नका. खाली पडलेली सुरूची बोंडं मात्र हवी तेवढी वेचा, चंदेरी रंग दिला की झाडावर फार शोभतात.

दर वर्षी फांदी तोडायची नसेल तर रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारं अरोकेरिया कुंडीत लावा. त्याचा मधला शेंडा कधीही छाटू नका. तो तुटला की झाडाचा सरळ, थरांचा आकार परत येत नाही.

नाताळच्या गोठ्यासमोर (येशूजन्माच्या देखाव्यासमोर) हिरवंगार शेत दाखवायचं आहे. नाचणी पेरली, पण गेल्या वर्षी पिवळी पडली आणि काही भागाला बुरशी आली. (देवगड)

नाचणी अंधारात वाढली की पिवळी पडते आणि पाणी जास्त झालं की बुरशी धरते. तुमचा ट्रे बहुधा गोठ्याच्या आतच ठेवलेला असावा.

१२ ते १४ डिसेंबरच्या दरम्यान पेरा. नाचणी रात्रभर भिजवा, पाणी निथळा आणि ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा. पसरट ट्रेला तळाशी भोकं पाडा, त्यात काथ्याचा भुसा किंवा चाळलेली माती इंचभर पसरा. त्यावर नाचणी अशी विखुरा की दाण्याला दाणा जेमतेम टेकेल. दाण्यांचे ढीग झाले की बुरशी तिथूनच सुरू होते. वर मातीचा पातळ थर द्या. कोंब दिसेपर्यंत ओलं फडकं घाला, कोंब दिसताच काढा. मग ट्रे सकाळच्या उन्हात ठेवा. पाणी हाताने शिंपडा, ओतू नका. थंडी जास्त असली तर वाढ दोन-तीन दिवस रेंगाळते, म्हणून २० तारखेला पेरून चालत नाही. मुंग्या दाणे पळवतात, त्यासाठी ट्रे पाण्याच्या परातीत विटांवर ठेवा. नाचणी दोन-तीन इंच झाली की २४ तारखेला दुपारी ट्रे गोठ्यात न्या. भात पेरलात तर आठवडाभर आधी पेरा, तो सावकाश उगवतो.

गोठ्यात बाळ येशूची मूर्ती कधी ठेवायची आणि आरास कधी उतरवायची? (वसई)

गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवतात, मध्यरात्रीच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) बाळ ठेवतात. बाळाच्या दर्शनाला येणारे तीन राजे सुरुवातीला गोठ्यापासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवून रोज थोडे पुढे सरकवा. मुलांना ही पद्धत फार आवडते. ते पोचतात प्रकटीकरणाच्या सणाला. हा सण मूळ ६ जानेवारीचा, भारतातल्या कॅथलिक चर्चमध्ये तो २ ते ८ जानेवारीमधल्या रविवारी साजरा होतो. आरास त्यानंतर उतरवा. देखाव्याच्या रूपातला गोठा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी मांडला, तिथून ही प्रथा जगभर पसरली.

दिव्यांच्या माळेतला निम्मा भाग लागत नाही. टाकून द्यावी का? (मालवण)

लगेच टाकू नका. बारीक दिव्यांच्या जुन्या माळेत दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात. एका भागात ४० दिवे असतील तर २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येतात. एक दिवा गेला किंवा सैल झाला की तो अख्खा भाग बंद पडतो. म्हणून निम्मीच माळ अंधारात राहते.

प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मग प्रत्येक दिव्याच्या बुडाशी तारा तपासा. किनाऱ्यावर बहुतेक वेळा दोष सांध्यात सापडतो. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो आणि तार आतल्या आत तुटते. थर पॉलिश पेपरने घासा, तार पुन्हा पिळा आणि वर स्लीव्ह चढवा. काळी टेप दंवाने सुटते. गेलेला दिवा काढून तारा थेट जोडण्याचा मोह होतो. एखादा दिवा गाळला तर फरक पडत नाही, पण पाच-सहा गाळले की उरलेल्यांवर जास्त व्होल्ट येतात आणि ते पटापट जातात. त्यापेक्षा तेवढ्याच व्होल्टचा दिवा जोडा. एलईडीची माळ असेल तर नवा एलईडी उलटा जोडला गेला नाही ना ते पाहा, उलटा एलईडी लागत नाही आणि पुढचेही अडवतो.

घराबाहेर माळ लावणार असाल तर घराच्या मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं उपकरण) हवंच. त्यावरचं टेस्टचं बटण दाबून ते पडतं का ते आराशीआधी पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड अंगणात जमिनीवर ठेवू नका. पहाटे जमीन ओली असते आणि मुलं अनवाणी धावतात.

पॉइन्सेटियाची पानं शेजाऱ्यांकडे लालभडक आहेत, आमच्याकडे हिरवीच. खत कमी पडलं का? (सावंतवाडी)

खताचा प्रश्न नाही, प्रकाशाचा आहे. कुंडी पडवीच्या दिव्याखाली आहे का पाहा. या झाडाला लाल व्हायला लांब, सलग अंधार लागतो. मध्येच दिवा लागला तर झाडाच्या लेखी रात्र मोडली. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून ८ ते १० आठवडे संध्याकाळी ६ ते सकाळी ८ कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं घाला, दिवसा भरपूर ऊन द्या. या नाताळला आता जमणार नाही. आजपासून सुरू केलंत तर फेब्रुवारीत लाली दिसेल. लाल भाग हीदेखील पानंच, फुलं म्हणजे मधले पिवळे ठिपके. चीक हाताला लागला तर धुऊन टाका, काहींना खाज येते.

कुलकुल तळल्यावर कुरकुरीत असतात, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. (कोर्लई)

तेल फार तापलेलं असतं. वरून रंग येतो, आत ओल राहते आणि रात्रभरात ती बाहेर येऊन सगळं मऊ करते. मध्यम आचेवर सावकाश तळा. अर्धा किलो मैद्याला १०० ग्रॅम पिठीसाखर, ३ टेबलस्पून कडकडीत तूप आणि चिमूटभर मीठ घ्या. नारळाचं घट्ट दूध लागेल तसं, साधारण कपभर घालून पीठ घट्ट मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. कंगव्यावर दाबून गुंडाळताना कड नीट चिकटवा, नाही तर कढईत उलगडतात. साखरेचा पाक चढवलेले कुलकुल आपल्या हवेत ओल ओढून घेतात, टिकवायचे असतील तर पाक टाळा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो म्हणतात, मग जानेवारीत उजाडायला आणखी उशीर का होतो? (रत्नागिरी)

तुमचं निरीक्षण अचूक आहे. रत्नागिरीत सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, सुमारे ११ तास ५ मिनिटांचा. पण सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर येतो. या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ असल्याने वेगाने पुढे सरकते, शिवाय तिचा आस कललेला आहे. त्यामुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत २४ तासांपेक्षा सुमारे अर्धा मिनिट जास्त लागतं. घड्याळ २४ तासांचंच, म्हणून मध्यान्ह रोज पुढे ढकललं जातं आणि सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही उशिरा होतात. दिवस मात्र तेव्हा काही सेकंदांनीच वाढत असतो, तेवढ्याने सकाळचा उशीर भरून निघत नाही.

रशियात नाताळ ७ जानेवारीला का? (अलिबाग)

तिथलं चर्च जुनं जुलियन पंचांग पाळतं. १५८२ साली आलेल्या ग्रेगोरियन पंचांगाच्या ते सध्या १३ दिवस मागे आहे. त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो.

आरास पुढच्या वर्षीपर्यंत टिकवायची कशी? पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते. (गुहागर)

उतरवल्यावर लगेच बांधून ठेवू नका, दोन दिवस उन्हात ठेवा. बॅटऱ्या काढा. ताऱ्याचा कागद फाडून टाका, खळीसकट ठेवला तर झुरळं येतात. सांगाडा मात्र वर्षानुवर्षं चालतो, फक्त त्याला भुंगा लागायला नको. कामट्यांतून पिठासारखा भुसा पडू लागला की भुंगा लागला समजा, त्या कामट्या वेगळ्या काढा. नव्या कामट्या १०-१५ दिवस पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवून घेतल्या तर हा त्रास कमी होतो, कारण भुंगा बांबूतल्या ज्या पिष्टावर जगतो ते बरंचसं पाण्यात निघून जातं.

मूर्ती एकेक करून सुती कापडात गुंडाळा. पत्र्याच्या ट्रंकेपेक्षा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा बरा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांनी थर्माकोल आणि काही प्लास्टिकचे गोळे मऊ पडून एकमेकांना चिकटतात. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हात डबा एक दिवस उघडा ठेवा आणि माळा तेव्हाच लावून पाहा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.