मणक्याच्या ऑपरेशननंतर शरीरसंबंध

प्रश्न : माझे वय 41 आहे. सात आठवड्यांपूर्वी कमरेतील एल फोर-एल फाइव्ह मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचा तुकडा ऑपरेशन करून काढला. पायात उतरणारी कळ थांबली, कामावरही जाऊ लागलो. परंतु संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही. मला धक्का लागेल या भीतीने पत्नी पलंगाच्या अगदी कडेला झोपते. ऑपरेशनमध्ये नस दुखावली असेल का? तपासणीला वडील सोबत असल्याने सर्जनना विचारता आले नाही.

उत्तर : वडिलांसमोर हे विचारणे कठीणच, खरे तर घरी सोडतानाच डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवे. पहाटे जाग येताना ताठरता येत असेल, तर नसा आणि रक्तपुरवठा शाबूत असल्याची ती चांगली खूण आहे. ताठरता, लघवी आणि शौच सांभाळणाऱ्या नसा ऑपरेशनच्या जागेहून खालच्या, त्रिकास्थीतून (कमरेखालच्या तिकोनी हाडातून) निघणाऱ्या असतात आणि पाठीमागून केलेल्या अशा ऑपरेशनमध्ये त्यांना इजा होणे विरळा. अनेक महिन्यांचे दुखणे, मनातली धास्ती आणि प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रामाडॉल यांसारखी वेदनेवरची औषधे ही कारणे अधिक आढळतात. मात्र गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका. डोस कमी करता येईल का ते सर्जनना विचारा. रक्तातील साखर आणि रक्तदाबही तपासून घ्या.

जखम भरलेली आणि वेदना आटोक्यात असल्यास साधारणतः दोन ते सहा आठवड्यांनी संबंधांना परवानगी मिळते. सुरुवातीला तुम्ही गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणे राहावे आणि हालचाल पत्नीने सावकाश करावी. कमरेत वाकणे आणि पीळ बसणे तेवढे टाळायचे. कुशीवर झोपणे सर्वांनाच मानवते असे नाही : 2014 मध्ये कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी मणक्याची हालचाल मोजली, तेव्हा पुढे वाकल्यावर ज्यांची कंबर दुखते अशा पुरुषांसाठी ती स्थिती योग्य ठरली नाही. पुढे तुम्ही हालचाल कराल तेव्हा ती कमरेतून न करता खुब्यांतून करावी. पुढच्या तपासणीला वडिलांऐवजी पत्नीला सोबत न्या; तुम्ही दिलेल्या दिलाशापेक्षा सर्जनच्या तोंडचे वाक्य त्यांची भीती लवकर घालवेल.

मात्र जांघेत, गुदद्वाराभोवती किंवा जननेंद्रियाला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.