किनाऱ्यावर विसावलेल्या वॉलरसच्या (लांब सुळ्यांच्या, सीलसारख्या समुद्री प्राण्यांच्या) कळपाजवळ लोकांना का जाऊ देत नाहीत?

एका शब्दात सांगायचं तर चेंगराचेंगरी.

अलास्कात चुकची समुद्राकाठी पॉइंट ले नावाचं इन्युपिआक या तिथल्या मूळ रहिवाशांचं छोटंसं गाव आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच्याजवळच्या किनाऱ्यावर सुमारे ३५,००० वॉलरस येऊन पडले होते. एरवी माद्या आणि पिल्लं तरंगत्या बर्फावर राहतात. बुडी मारायची, तळातले शिंपले खायचे, वर येऊन आडवं व्हायचं. पण हल्ली उन्हाळा सरता सरता उथळ समुद्रावरचा बर्फच उरत नाही, मग किनारा गाठावा लागतो.

तिथे ते अगदी अंगाला अंग लावून, शेजाऱ्याच्या पाठीवर सुळे टेकवून झोपतात. (मुंबई लोकलची आठवण येते खरी.) अशात एखादं विमान कमी उंचीवरून गेलं, अस्वल दिसलं किंवा माणसाचा वास आला की सगळा कळप पाण्याकडे धावत सुटतो. टनभर वजनाच्या जनावराखाली पिल्लू आलं तर काय होणार? २००९ साली अलास्काच्याच किनाऱ्यावर आइसी केपजवळ १३१ वॉलरस मेलेले सापडले, बहुतेक सगळी पिल्लं आणि लहान जनावरं.

म्हणून वैमानिकांना उंचावरून, लांबून जायला सांगतात. पॉइंट लेच्या गावकऱ्यांनी तर बघ्यांना आणि पत्रकारांना ‘येऊ नका’ असंच सांगितलं. कळपाचा अंदाज उपग्रहाच्या छायाचित्रांवरूनही घेता येतो.

प्रत्यक्षच बघायचे असतील तर अलास्कातल्याच ब्रिस्टल उपसागरातलं राउंड आयलंड बघा. १९६० पासून ते अभयारण्य आहे. तिथे उन्हाळ्यात मुख्यतः नर येतात. परवाना मात्र आधी काढावा लागतो.