स्टेंटसाठी ठेव मोडायची का?

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६७ वर्षांचे, हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा. अटॅक आलेला नाही, पण डॉक्टरांनी चवथीनंतर अँजिओप्लास्टी करून घ्यायला सांगितली आहे. रुग्णालयाने दोन पॅकेजं दिली. ‘नव्या पिढीचा, गुठळी न होणारा’ स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळी) हवा असेल तर सव्वा लाख जास्त. त्यासाठी कुळागरातल्या सुपारीच्या पैशांची चार लाखांची ठेव मोडावी का?

ताई, तेवढ्यासाठी मोडू नका. मुळात गुठळी कधीच न होणारा स्टेंट अजून निघालेला नाही.

स्टेंटच्या जाळीवर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत रक्त थेट धातूला लागतं आणि तिथे गुठळीचा धोका असतो. साध्या धातूच्या स्टेंटवर अस्तर लवकर चढतं, पण पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढून रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होते. ती वाढ रोखायला औषध लावलेले स्टेंट आले. त्या औषधाने अस्तरही रेंगाळलं, आणि पहिल्या पिढीच्या स्टेंटमध्ये वर्ष उलटल्यावरही गुठळ्या झाल्याने २००६ साली जगभर काळजी पसरली. पुढे जाळीच्या तारा बारीक झाल्या. पहिल्या पिढीतल्या ‘सायफर’ स्टेंटची तार १४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होती, नंतरच्या ‘झायन्स’ची ८१. बारीक तार लवकर झाकली जाते, गुठळ्याही कमी होतात. आज सर्रास वापरतात ते असेच स्टेंट, आणि चांगल्या कंपन्यांच्या स्टेंटमध्ये आपसांत फरक थोडाच उरला आहे. नवं ते चांगलंच, असंही नाही. शरीरात विरघळणाऱ्या ‘अ‍ॅब्सॉर्ब’ स्टेंटला अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली, पण त्याची तार जाड, गुठळ्या जास्त. २०१७ मध्ये कंपनीनेच विक्री थांबवली.

आता पैशांचं. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. औषधी स्टेंटसाठी तेव्हा ती २९,६०० रुपये होती, आज चाळीस हजारांच्या आसपास आहे, आणि देशी-विदेशी सगळ्यांना एकच. मग एका स्टेंटमागे सव्वा लाखाचा फरक कसा पडतो? खोली, फी, इतर साहित्य असं काही त्यात असणार. रुग्णालयाकडून प्रत्येक बाबीचा आकडा लेखी मागा. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवावाच लागतो.

त्याआधी गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड काढा बाहेर. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे. ही अँजिओप्लास्टी त्यात कुठे बसते, हे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात) जाऊन विचारा. अटॅक नाही, म्हणजे एवढी चौकशी करायला वेळ आहे. मधल्या काळात छातीत दुखलं तर मात्र हिशेब सोडा आणि १०८ ला फोन करा.

खरी तरतूद गोळ्यांची करा. अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी, वडिलांच्या स्थितीत साधारण सहा महिने. ती मधेच बंद पडणं हे गुठळीचं फार मोठं कारण आहे. दाताचं काम निघालं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. औषधं आणि तपासण्यांचे पैसे बचत खात्यात वेगळे काढा. जनौषधी केंद्रात क्लोपिडोग्रेल स्वस्त मिळते.

रक्तस्रावाचा धोका किंवा अडथळ्याची जागा अवघड असं नेमकं कारण सांगून डॉक्टरांनी विशिष्ट स्टेंट सुचवला, तर तोच घ्या. पैसे कमी पडले तर ठेवीवर कर्ज काढा. व्याज ठेवीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं आणि ठेव शाबूत राहते. दोन्ही पॅकेजांचे लेखी आकडे हातात आले की मला पाठवा, आपण ओळ न् ओळ तपासू.