खोली तुमची, चावी कुणाकुणाकडे?

हॉटेलातला खासगीपणा आणि खराब सेवेच्या तक्रारी यांवर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत.

महाबळेश्वरला दोन दिवस राहायला जातोय. छुपा कॅमेरा मोबाइलवरच्या अॅपने सापडतो म्हणतात. कोणतं अॅप घ्यावं? (वाचक, सांगली)

अॅपवर विसंबू नका. यांतली बरीच अॅप्स फक्त त्याच वाय-फायला जोडलेली उपकरणं दाखवतात. चांगल्या हॉटेलांच्या वाय-फायमध्ये एका पाहुण्याचं उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी व्यवस्था असते, त्यामुळे कॅमेरा असला तरी यादीत काही येत नाही. मेमरी कार्डावर रेकॉर्ड करणारा कॅमेरा तर वाय-फाय वापरतच नाही. चुंबकीय क्षेत्र मोजणारी अॅप्स पलंगाचे खिळे आणि टीव्हीचा स्पीकर यांनाही कॅमेरा समजतात.

त्यापेक्षा कॅमेऱ्याला काय लागतं ते बघा. त्याला वीज लागते, आणि पलंग किंवा न्हाणीघर समोर दिसेल अशी जागा लागते. बॅटरीवरचा छोटा कॅमेरा काही तासांत संपतो आणि कुणालातरी तो येऊन पुन्हा चार्ज करावा लागतो. म्हणून कायमचा बसवलेला कॅमेरा बहुधा विजेच्या जोडणीजवळ असतो. पलंगावर बसून समोर आणि वर काय काय आहे ते पाहा: धूरसूचक, एसीची जाळी, घड्याळ, सेट-टॉप बॉक्स, प्लगला लावून ठेवलेला बेवारस चार्जर, जादाचा स्विचबोर्ड. धूरसूचक साधारण छताच्या मधोमध असतो. तो भिंतीवर पलंगाकडे तोंड करून असेल किंवा एकाच खोलीत दोन असतील तर विचारा. न्हाणीघरात गीझरच्या आसपास आणि एग्झॉस्टच्या जाळीत पाहा.

मग पडदे ओढा, दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून या जागांवरून सावकाश फिरवा. भोक एक-दोन मिलिमीटरचं असलं तरी आतली काच टोकदार, निळसर-लाल चमक परत फेकते. तुम्ही जागा थोडी बदलली तरी तो ठिपका तिथेच राहतो. स्क्रू किंवा प्लास्टिकची चकाकी मात्र लगेच पसरते किंवा विझते. अंधारात चित्रीकरण करणारे कॅमेरे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे वापरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पांढरे-जांभळे ठिपके होऊन दिसू शकतात. तुमच्या फोनला ते दिसतात का, हे टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर दाबून आधी तपासा. दहा मिनिटांत सगळं आटोपतं.

मागून आरपार दिसणारा आरसा ओळखायला आरशावर नख टेकवण्याची युक्ती फार फिरते, पण ती भरवशाची नाही, कारण काही साध्या आरशांचाही मुलामा पुढच्या बाजूला असतो. अंधारात टॉर्च आरशाला चिकटवून धरा. मागे पोकळी असेल तर ती थोडीतरी उजळते. भिंतीवर टांगलेला, हलवता येणारा आरसा असेल तर मागे बघून मोकळे व्हा.

काही सापडलंच तर ते उपटू नका, मॅनेजरच्या हातीही देऊ नका. मेमरी कार्ड हाच पुरावा असतो आणि तोच सर्वांत आधी नाहीसा होतो. वस्तूवर टॉवेल टाका, तत्पूर्वी जागेवरचा व्हिडिओ घ्या, खोलीबाहेर या आणि ११२ ला फोन करा. पोलिसांनी ती पंचनामा करून ताब्यात घेतली पाहिजे. महिलेचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं शिक्षा होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. गावी परतल्यावर कळलं तर झीरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, 'हद्द आमची नाही' हे उत्तर चालत नाही.

दारावर 'डू नॉट डिस्टर्ब' लावलेलं असूनही सफाई कर्मचारी आत आला. हॉटेल म्हणतं, कुणीच आलं नाही. सिद्ध कसं करायचं? (वाचक, नाशिक)

कार्डाने उघडणारं कुलूप असेल तर साक्षीदार दारातच आहे. अशी बहुतेक कुलुपं कोणतं कार्ड किती वाजता लागलं याची नोंद ठेवतात आणि हातातल्या छोट्या यंत्राने ती वाचता येते. ड्युटी मॅनेजरकडे 'माझ्या खोलीच्या कुलपाची नोंद काढून द्या' अशी लेखी मागणी करा. घाई यासाठी की कुलपाची साठवण मर्यादित असते, नव्या नोंदी जुन्यांवर चढतात. मार्गिकेतल्या सीसीटीव्हीचंही तसंच. बहुतेक ठिकाणी १५ ते ३० दिवसांत जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून त्याच अर्जात तारीख आणि वेळ लिहून 'हे चित्रण जपून ठेवा' असंही मागा. चित्रणाची प्रत हॉटेल सहसा देत नाही, इतर पाहुणे त्यात दिसतात हे कारण सांगतं. पण मागणी नोंदवलेली असली की पुढे 'आमच्याकडे नाही' म्हणणं त्यांना जड जातं.

लहान हॉटेलांत एक अडचण येते. तिथे एकच मास्टर कार्ड काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि सगळे तेच वापरतात. मग नोंदीत 'मास्टर' एवढंच निघतं, माणूस निघत नाही. ही त्यांचीच ढिलाई आहे, तक्रारीत ती तशीच लिहा.

दारावरच्या पाटीचा अर्थही नेमका माहीत असावा. सफाईवाल्याने पाटी असताना दार ठोठावायचंही नसतं. पण आग, पाणीगळती, आजारपण अशा वेळी हॉटेल आत येऊ शकतं. दुपारनंतरही पाटी तशीच असेल तर खोलीत फोन करून चौकशी करण्याची पद्धत आहे. २०१७ मध्ये लास वेगासला हॉटेलच्या खोलीतून गोळीबार झाल्यानंतर काही साखळ्यांनी पाटी ठराविक तासांपेक्षा जास्त राहिली तर खोली तपासण्याचा नियम केला. तुम्हाला दोन दिवस कुणीच नको असेल तर हाऊसकीपिंगला फोन करून सांगा आणि टॉवेल दारात मागवा.

नावाजलेल्या हॉटेलातही हे घडतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्थच्या क्राउन हॉटेलात विराट कोहलीच्या खोलीत शिरून कुणीतरी त्याच्या सामानाचं चित्रण केलं आणि ते जगभर फिरलं. हॉटेलने माफी मागितली, संबंधितांना कामावरून दूर केलं. दार फोडायची तिथे गरजच नव्हती, चावी आतल्यांच्या हातात होती.

आत असताना आडवी कडी किंवा डेडबोल्ट लावा. डेडबोल्ट लागला की साधं सफाईचं कार्ड सहसा चालत नाही, आपत्कालीन चावी मात्र चालते. नुसत्या कार्डावर भिस्त ठेवू नका. मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी साफलॉक जातीच्या कुलपांतली त्रुटी जाहीर केली, तेव्हा १३१ देशांतली ३० लाखांहून जास्त दारं तिच्या टप्प्यात होती. दारातल्या भिंगावर आतून कागदाचा बोळा किंवा चिकटपट्टी लावा. आणि काउंटरवर कुणी तुमचा खोली क्रमांक मोठ्याने उच्चारला तर दुसरी खोली मागा. २००८ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला एका महिला पत्रकाराचं दारातल्या भिंगातून चित्रण झालं. चित्रण करणाऱ्याला हॉटेलने मागेल ती, तिच्या शेजारचीच खोली दिली होती. २०१६ मध्ये ज्युरीने साडेपाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि त्यातला जवळपास निम्मा भार हॉटेलवर टाकला.

चेक-इनला माझ्या आधारचा फोटो मॅनेजरने स्वतःच्या मोबाइलवर काढला. मला नाही म्हणता आलं असतं का? (वाचक, कोल्हापूर)

ओळखपत्र दाखवायला नाही म्हणता येत नाही, पोलिसांच्या नियमांमुळे हॉटेलला प्रत्येक प्रौढ पाहुण्याची नोंद ठेवावी लागते. पण आधारच द्या, हा आग्रह चुकीचा. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट यांतलं काहीही चालतं. आधारच द्यायचं असेल तर 'मास्क्ड आधार' द्या. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते डाउनलोड होतं आणि त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. छापील प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त अमुक हॉटेलच्या नोंदीसाठी, दि. …'. अक्षरं फोटोवरून आणि क्रमांकावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

खासगी मोबाइलवर फोटो काढू लागले की शांतपणे म्हणा, 'हॉटेलच्या ई-मेलवर पाठवतो, तुमच्या फोनमध्ये नको.' मॅनेजर नोकरी सोडून जातो, गॅलरी त्याच्याबरोबर जाते. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर प्रत कमी देणं हाच खरा बचाव.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांचं वेगळं. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी नागरिकत्व परदेशी असल्याने हॉटेलला त्यांची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. पासपोर्टची प्रत तिथे मागणारच.

आम्ही दोघं सज्ञान आहोत, लग्न झालेलं नाही. पैसे आधी भरूनही लोणावळ्यात काउंटरवर 'मॅरेज सर्टिफिकेट आणा' म्हणाले. (वाचक, पुणे)

अविवाहित स्त्री-पुरुषांनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. हॉटेल स्वतःचं धोरण ठेवू शकतं, पण ते बुकिंगच्या वेळी दिसलं पाहिजे. पैसे घेऊन दारात नाकारणं ही सेवेतली त्रुटी. बुकिंगच्या पानावर 'अविवाहित जोडपी' आणि 'लोकल आयडी' (त्याच शहराचं ओळखपत्र) या दोन ओळी शोधा, त्यांचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि नाकारलं तर कारण लेखी मागा. लेखी देणार नाहीत, म्हणून तिथूनच बुकिंग कंपनीच्या चॅटवर कळवा. वेळ आपोआप नोंदली जाते.

पोलिसांचा धाक दाखवतात त्याबद्दल. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांतून जोडप्यांना उचलून पोलिस कायद्यातलं सार्वजनिक असभ्य वर्तनाचं कलम ११० लावलं गेलं, तेव्हा मोठी ओरड झाली. बंद खोली सार्वजनिक कशी, याला उत्तर नव्हतंच. ओळखपत्र दाखवा, वाद घालू नका, अधिकाऱ्याचं नाव आणि ठाणं विचारून ठेवा. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायला अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सज्ञान माणसाच्या घरी फोन करण्याची धमकी ही नुसती धमकीच असते.

अलिबागला दोन रात्री एसी बंद, चादरी डागाळलेल्या. हॉटेल म्हणतं, बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं. (वाचक, ठाणे)

'नॉन-रिफंडेबल' ही अट तुम्ही बुकिंग रद्द केलंत तर लागू होते. न दिलेल्या सेवेला ती लागू नाही.

अशा तक्रारी बहुतेक वेळा पहिल्याच रात्री हरतात, कारण सगळं तोंडी होतं. 'तीनदा सांगितलं' याला ग्राहक आयोगापुढे किंमत नाही. फोन केल्यावर लगेच हॉटेलच्या व्हॉट्सअॅपवर किंवा ई-मेलवर असं लिहा: 'खोली क्र. …, दि. …. रात्री ९.४० पासून एसी बंद. ९.४५ ला रिसेप्शनला कळवले. १०.३० पर्यंत दुरुस्ती नाही, दुसरी खोली नाही. दुसरी खोली द्यावी किंवा आजच्या रात्रीचे भाडे वजा करावे.' विशेषणं नकोत. रिमोटवरचा आकडा आणि बंद एसी एकाच चौकटीत येईल असा व्हिडिओ, चादरीचे दोन फोटो: एक जवळून, एक खोली ओळखू येईल असा लांबून. रिसेप्शनवरच्या मुलाला बिल कमी करण्याचा अधिकार नसतो, त्याच्यावर आवाज चढवण्यात अर्थ नाही. ड्युटी मॅनेजर मागा. मोफत जेवणाचं कूपन देऊ केलं तर घ्या, पण 'पूर्ण समाधान झाले' अशा कागदावर सही करू नका.

चेक-आउटला पैसे भरावे लागतातच. बिलाच्या हॉटेलकडच्या प्रतीवर सही करताना 'हरकत नोंदवून रक्कम भरली' असं लिहा आणि त्याचा फोटो काढा.

तुम्ही परतला आहात, तेव्हा आता १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवा. ती कुणाच्या नावे, इथे लोक हमखास चुकतात. पाटीवरचं नाव ब्रँडचं असतं, मालक कंपनी निराळीच असते. बिलावरचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाका, कायदेशीर नाव मिळेल. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. बुकिंग कंपनीमार्फत गेला असाल तर तिलाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते, तरी छोटे परतावे बऱ्याचदा तिथेच सुटतात. नाहीच सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांत अर्ज हवा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतो, अलिबागला खेटे घालायची गरज नाही. ई-जागृती पोर्टलवर घरूनही भरता येतो. सोबत शपथपत्र, बिल, संदेश आणि नोटिशीची पोच जोडा. कायदा तीन महिन्यांत निकाल सांगतो, प्रत्यक्षात जास्त लागतात.

मागणी हिशेबाची ठेवा: दोन रात्रींचं भाडं किंवा त्यातला ठराविक भाग, नोटिशीचा खर्च, त्रासाबद्दल माफक रक्कम. सहा हजारांच्या खोलीसाठी पाच लाख मागितले की खरा मुद्दाही हलका होतो.

खोलीतल्या तिजोरीतून सोन्याची साखळी गेली. 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही' अशी पाटी दाखवतात. (वाचक, सोलापूर)

नुसत्या पाटीने निष्काळजीपणा झाकला जात नाही, पण साखळी तिथे होती हे तुम्हाला दाखवावं लागेल. आधी एफआयआर, मग तिजोरीची आणि दाराच्या कुलपाची नोंद. अनेक ठिकाणी तिजोरीचा कारखान्यातून आलेला मास्टर कोड बदललेलाच नसतो, तपास अधिकाऱ्याला तो मुद्दा सांगा. पुढच्या वेळी दागिना रिसेप्शनच्या लॉकरमध्ये वर्णनासह पावती घेऊन द्या. वस्तू ताब्यात घेतली की जबाबदारी बदलते. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात १९९८ मध्ये व्हॅलेला (गाडी लावून देणाऱ्या कर्मचाऱ्याला) दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. 'मालकाच्या जोखमीवर' असं कुपनावर छापलेलं असूनही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेललाच जबाबदार धरलं.

बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. द्यावाच लागतो का? (वाचक, पणजी)

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. काढायला सांगा, आणि त्यावर लावलेला जीएसटीही निघाला आहे ना, ते नव्या बिलात पाहा.