प्रोसेसर बदलला की ऑपरेटिंग सिस्टम पहिल्यापासून लिहावी लागते का? ॲपलला तीनदा कसं जमलं?

नाही, पहिल्यापासून लिहावी लागत नाही. सिस्टमचा बहुतेक भाग सी, सी++ अशा भाषांत असतो आणि तो नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल करता येतो, म्हणजे त्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत बदलता येतो. नव्याने लिहावा लागतो तो अगदी तळाचा कोड: बूट होणं, इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारे हार्डवेअरचे इशारे), मेमरीची मांडणी. विंडोज एनटी 1993 मध्ये आली तेव्हाच ती इंटेलशिवाय मिप्स आणि अल्फा प्रोसेसरवरही चालायची.

खरी अडचण लोकांकडच्या जुन्या ॲप्सची. त्यांचा सोर्स कोड सिस्टम बनवणाऱ्यांकडे नसतोच. 1994 मध्ये मॅक मोटोरोलाच्या 68000 मालिकेवरून पॉवरपीसीवर गेला, तेव्हा ॲपलने सिस्टममध्येच एम्युलेटर, म्हणजे जुन्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम, घातला. खुद्द सिस्टमचाही बराच भाग पुढे कित्येक वर्षं त्या एम्युलेटरवरच चालत होता! 2006 मध्ये इंटेल आलं तेव्हा जुन्या ॲप्ससाठी रोझेटा हे जुना कोड नव्या प्रोसेसरसाठी भाषांतरित करणारं सॉफ्टवेअर होतं आणि नव्यांसाठी युनिव्हर्सल बायनरी, म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रोसेसरांचा कोड.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते 2020 चं काम, एम1 चिपचं. ही चिप इंटेलची नाही, आर्म आर्किटेक्चरची. रोझेटा 2 इंटेलचा कोड शक्यतो आधीच, ॲप सुरू होण्यापूर्वी, भाषांतरित करून ठेवतं. तरी एक पेच उरतो. इंटेलवर एका कोअरने (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणन-भागाने) मेमरीत ज्या क्रमाने लिहिलं, त्याच क्रमाने ते बाकीच्या कोअरना दिसतं. आर्मवर ही हमी नाही. जुनी ॲप्स त्या हमीवर विसंबून असतात, आणि ती सॉफ्टवेअरमधून द्यायची तर जागोजागी बॅरियर, म्हणजे क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना, टाकावे लागतात, वेग पार घसरतो. ॲपलने चिपमध्येच इंटेलसारखा क्रम पाळणारा मोड ठेवला. सिस्टम आणि चिप एकाच घरात बनते म्हणून हे इतकं नीट जुळलं, असं माझं ठाम मत आहे.

हे पूल कायमचे नसतात, हे मात्र लक्षात असू द्या. पहिलं रोझेटा 2011 मध्ये लायन आवृत्तीत काढून टाकलं. प्रत्येक जुन्या आर्किटेक्चरसाठी कोणाला तरी दरवेळी चाचण्या घ्याव्या लागतात, बग निस्तरावे लागतात. लिनक्सची तर सुरुवातच इंटेलच्या 386 प्रोसेसरवर झाली, तरी 2012 मध्ये कर्नलमधून, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातून, 386 चा सपोर्ट काढला गेला.

तुमचा मॅक एम मालिकेचा असेल तर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून सीपीयूच्या यादीतला 'काइंड' रकाना बघा. ज्या ॲपपुढे 'इंटेल' दिसेल, त्याची नवी आवृत्ती आत्ताच शोधा.