बाबांना झोप येत नाही, गोळी सुरू करावी का?

‘वय झालं की झोप कमी होतेच, पण बाबा पहाटे तीनपासून टक्क जागे असतात. झोपेची गोळी दिली तर चालेल का?’ लेक विचारत होती. शेजारी ७२ वर्षांचे काका गप्प बसले होते.

मी काकांकडूनच आदल्या रात्रीचा तपशील घेतला. नऊला अंथरुणावर, साडेदहाला डोळा लागला, तीनला जाग, मग सहापर्यंत नुसतं पडून. दुपारी दोन तास झोप. ‘तीन ते सहा काय चाललेलं असतं मनात?’

‘ही गेल्यापासून असंच आहे. आता माझं कुणाला काय काम?’

लेक चपापली. पेपर, फिरणं, मित्रांचे फोन, सगळंच सुटलं होतं. जीव द्यावासा वाटतो का, हेही मी सरळ विचारलं. काका ‘नाही’ म्हणाले. हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसता विचार शिरत नाही.

उतारवयात गाढ झोप घटते, जाग लवकर येते, हे खरं. पण पासष्टीनंतरही साधारण ७ ते ८ तासांची झोप लागतेच. पहाटेच्या जागेबरोबर कशातच मन लागेनासं झालं, तर ते वयावर ढकलू नका. ते नैराश्य असू शकतं. काकांना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे उपचार सुरू झाले. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांनी रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगितली.

झोपेसाठी आम्ही सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायची उपचारपद्धती) वापरली. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी आधी हीच करायला सांगितलं आहे. अकराला झोपायचं, साडेपाचला उठायचं, दुपारी अर्धा तासच. जाग आली आणि झोप येईना, तर उठून खुर्चीत बसायचं. वाटेत मंद दिवा ठेवायचा, म्हणजे पडायची भीती नाही.

‘आधीच झोप नाही, त्यात तुम्ही उशिरा झोपायला लावता!’ पहिल्या आठवड्यात काका चिडले. बरोबरच होतं, सुरुवातीला थकवा वाढतोच. पण तासन् तास जागं पडून राहिलं की अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, हीच सवय शरीराला लागते. ती मोडायला वेळ लागतो. हळूहळू काका पाचपर्यंत झोपू लागले, फिरायला जाऊ लागले. काकूंची आठवण येतेच, पण आता ते तिच्याबद्दल लेकीशी बोलतात.

आणि गोळीचं: झोपेच्या अनेक गोळ्यांनी ज्येष्ठांचा तोल जातो, गोंधळ उडतो. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. आधीपासून चालू असेल, तर मनाने एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.